वाक्याच्या शेवटी येणारे 'म्हणून'

आज रात्री जपानीच्या वहीत मिका नाकाशिमा यांनी २०१३ साली गायलेल्या एका गाण्याच्या ओळी पुन्हा उतरवून काढल्या. ते हिरोमु आकिता यांनी लिहिले आहे आणि त्याच्या नावाचाच अर्थ 'मरावे असे मला वाटले ते' असा आहे. या अर्धवट वाक्यापुढे दर वेळी एक नवे कारण येते. पहिलेच कारण आहे, धक्क्यावर उमिनेको ओरडला म्हणून.

उमिनेको म्हणजे काळ्या शेपटीचा कुरव. त्याचे ओरडणे मांजरासारखे असल्यामुळे जपानीत त्याचे नावच समुद्रमांजर असे पडले. आकिता ज्या आओमोरी प्रांतातले, तिथे काबुशिमावर या पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. म्हणजे ही प्रतिमा दुरून आणलेली नाही. आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येणार असे म्हणतात. इथे मात्र पक्षी कसलीच वर्दी देत नाही, आणि गाणारा जीव त्यालाच विनवतो की माझा भूतकाळही टिपून घेऊन उडून जा.

मला सर्वांत जास्त लागते ती बुटाच्या नाडीची ओळ. नाडी सुटली म्हणून मरावेसे वाटले, असे ऐकल्यावर क्षणभर राग येतो, पण पुढेच कबुली येते की सुटलेले पुन्हा बांधणे मला जमत नाही आणि माणसांशी असलेल्या नात्यांचेही तसेच आहे. रोज पायाशी लोंबणारी ती नाडी हे मरणाचे कारण नव्हे. ज्याला आपले दुःख सांगता येत नाही, त्याला बोट दाखवण्यासाठी हाताशी असलेली ती वस्तू आहे, आणि म्हणूनच हे गाणे मृत्यूला सुंदर करत नाही असे माझे ठाम मत आहे.

अनुवाद करताना आपल्या भाषेचा आधार वाटला. 'शिनोउ' या क्रियारूपाला आपले 'मरावे' चपखल बसते. कारण सांगणारे जपानी 'कारा' आपल्या 'म्हणून'सारखेच शेवटी येते. 'मला वाटले' असे लिहिले की बोलणारा पुरुष की स्त्री हेही उघड करावे लागत नाही.

शेवटचे कारण आहे, तुझी भेट अजून झाली नव्हती म्हणून. जपानीतल्या 'मादा'साठी मी आधी 'तोवर' लिहिले होते. ते खोडून आता 'अजून' केले आहे.