ऑक्सिजन वाढला तो दिवस

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका रसायन कारखान्यात मी सांडपाणी प्रक्रियेचे काम पाहत होते, तेव्हाची ही गोष्ट. सोमवारी सकाळी ऑपरेटर काका नोंदवही पुढे करून म्हणाले, "मॅडम, आज एरेशन टाकीत ऑक्सिजन छान आहे, साडेसहा." मला धस्स झाले. या टाकीत हवा सोडून वाढवलेले जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. एरवी तो लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास राखायलाही हवा फुंकणारे ब्लोअर अखंड चालवावे लागत. ब्लोअर तेच असताना आकडा असा चढला, याचा अर्थ ऑक्सिजन वापरणारे जिवाणूच मरत होते.

एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतले पाणी अर्धा तास ठेवले. रोज गाळ तळाशी बसून वर नितळ पाणी राही. त्या दिवशी ते ताकासारखे गढूळ होते. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी देठावर डोलणारे, धक्का लागताच स्प्रिंगसारखे आक्रसणारे घंटेच्या आकाराचे व्होर्टिसेला हे एकपेशीय जीव देठापासून तुटून निश्चल पडले होते. सांडपाणी आधी एकत्र जमा होते त्या इक्वलायझेशन टाकीजवळ कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येत होता. तो वास फिनॉलचा, जिवाणूंना मारक रसायनाचा. फिनॉलचे वॉशिंग, म्हणजे रिॲक्टर धुतलेले पाणी, वेगळे साठवून थोडे थोडे सोडायचा नियम असताना, रात्रपाळीत रिॲक्टर धुऊन ते सगळे एकदम सोडण्यात आले होते.

टाक्या भरत आल्या होत्या आणि उत्पादन थांबू नये म्हणून पाणी नाल्यात सोडण्याचा आग्रह झाला. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या प्रदूषणाचे एक माप, लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी वर असताना ते मी सोडू शकत नव्हते; तो नाला पुढे खाडीला मिळतो आणि त्या खाडीत कोळ्यांची जाळी पडतात. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह मी बंद केला आणि तसे वहीत लिहून सही केली.

मग बीकरमध्ये चाचण्या सुरू केल्या. पीएच ३ वर आणून हिराकस (लोहाचा क्षार) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले, तेव्हा पाणी आधी काळ्या चहासारखे झाले, आणि काका घाबरले. फिनॉल तुटताना मधल्या टप्प्यावर असा रंग येतो. थोड्या वेळाने तो फिका पडला, आणि चुना घातल्यावर लोहाचा तांबूस गाळ खाली बसला. मात्रा ठरली. अडवलेले पाणी त्याच पद्धतीने हप्त्याहप्त्याने हाताळले.

जिवाणू मात्र घाईने परत येत नाहीत. शेजारच्या कारखान्यातून जिवंत गाळ आणला, जिवाणूंच्या पोषणासाठी युरिया आणि डीएपी दिले, भार अगदी हळू वाढवला. तिसऱ्या आठवड्यात काकांनी वही आणली, ऑक्सिजन २.१ वर उतरला होता.