चव नव्हे, वास गेला होता

मी घरगुती मसाले करून विकते, त्यामुळे गिऱ्हाइकं हमखास विचारतात, "कोरोनात तुमची चव गेली होती ना? मग मसाला कसा जमायचा?"

काहींची जीभही सुन्न झाली होती म्हणे, पण माझी चव गेली नव्हती. मीठ खारट लागायचं, चिंच आंबट. मिरची तर झोंबायचीच, कारण तिचा जाळ वेगळ्याच नसेतून मेंदूकडे जातो. गेला होता तो वास. घास चावताना वास घशामागून नाकात चढतो आणि आपण ज्याला आमटीची चव म्हणतो, त्यात मोठा वाटा त्याचाच. गोड्या मसाल्याची आमटी आणि नुसतं तिखट-मीठ-गूळ घातलेलं वरण, मला दोन्ही सारखीच.

बरं, नाक चोंदलेलंही नव्हतं. हा विषाणू ज्या एसीई-2 प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते वास टिपणाऱ्या चेतापेशींवर नसतंच, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतं, असं 2020 मध्येच संशोधकांनी दाखवलं. आधार कोसळला की वास टिपणंही थंडावतं.

खरा वैताग पुढेच होता. वास परतला तो बिघडून. कांदा-खोबरं भाजायला घेतलं की कढईतून जळक्या रबराचा दर्प, लसणाच्या फोडणीला नासक्या अंड्याचा. कॉफीचं नावच नको. डॉक्टर म्हणाले, याला पॅरोस्मिया म्हणतात; भाजलेले पदार्थ, कांदा, लसूण, कॉफी हेच बहुतेकांना छळतात. आणि माझा तर धंदाच भाजण्याचा! मग धणे बोटांनी चुरडून बघायचे, खोबऱ्याचा रंग बघायचा आणि शेवटी जाऊबाईंच्या नाकाखाली ताट धरायचं.

भीती मात्र गॅसची वाटायची. गळती कळावी म्हणून सिलिंडरमध्ये मुद्दाम उग्र वासाचं मरकॅप्टन घालतात, पण ते माझ्या काय कामाचं? रात्री रेग्युलेटर बंद केलाय ना, हे दोनदा उठून बघायचे.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेला एक सराव आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं, निदान 12 आठवडे. मीही केला. कंटाळवाणा प्रकार. गुण त्याचा की काळाचा, देव जाणे, पण लवंग-दालचिनी आता ठणठणीत कळते. दगडफूल अजून धड लागत नाही, म्हणून ते जाऊबाईच निवडतात. त्याची तक्रार असेल तर त्यांना फोन करा.