हवा किती ठेवायची?

फर्निचरचं काम काढलेल्या घरात सुतार आणि पॉलिशवाला यांचं एका गोष्टीवरून हमखास वाजतं: हवा किती ठेवायची. आमच्या डोंबिवलीच्या घरातही वाजलं. गॅलरीत हवा दाबून साठवणारा कॉम्प्रेसर एकच, हवेचा दाब ठरवणारा त्याच्यावरचा काळा नॉबही एकच, आणि तो पिळणारे हात दोघांचे. मिस्त्री राजस्थानचे, पॉलिशवाले काका साताऱ्याकडचे, त्यामुळे भांडण अर्थातच हिंदीत.

"किसने कम किया?"

"मैंने किया. तुम्हारे प्रेशर में मेरा आधा माल हवा में जाता है."

मी दोघांना चहा दिला आणि नॉबकडे बघत बसलो. एवढा खर्च करून चाललेल्या फर्निचरपेक्षा मला तो नॉबच जास्त रंजक वाटायला लागला होता, पण हे घरात बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

मिस्त्रींची बाजू आधी. लहानपणी पाहिलेले सुतार ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून काम करायचे. एकेक चूक ओठांतून निघायची आणि दोनतीन ठोक्यांत लाकडात जायची. आता पिनांची चिकटवलेली पट्टी हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनमध्ये सरकवली की झालं. ओठ मोकळे असल्यामुळे मिस्त्री दिवसभर फोनवर बोलू शकतात, ही प्रगतीच म्हणायची. गनवर 60 ते 100 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर तितके पाउंड दाब, असं छापलेलं असतं. मिस्त्री पीएसआय म्हणत नाहीत, पाउंड म्हणतात, आणि डायलकडे तर बघतच नाहीत. बघून उपयोगही नाही, काचेवर फेविकॉलचा थर बसलाय. ते प्लायचा टाकाऊ तुकडा घेतात, एक पिन मारतात आणि अंगठा फिरवतात. डोकं अंगठ्याला लागलं तर हवा कमी. पिन आत बुडून वर खड्डा राहिला तर हवा जास्त. डोकं पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, वरून लांबी (पुट्टी) भरली की दिसणार नाही इतकं, म्हणजे बरोबर. एमडीएफला सत्तरच्या आसपास भागतं. जुन्या घराच्या तुळईतून काढलेल्या सागाच्या पट्टीला नव्वद लागतात. कारखान्याने काय छापलंय हे त्या सागाला माहीत नसतं.

शिवाय या बारीक पिनांचं काम तरी किती? सांधा खरा धरतो तो फेविकॉल. तो वाळेपर्यंत लाकडाची पट्टी हलू नये, एवढीच पिनांची नोकरी. त्यासाठी शंभर पाउंडांचा घाव घालून सुंदर पट्टीला भोकं पाडण्यात काय मतलब? तरी नव्या पोरांचा हात नॉबकडे गेला की तो उजवीकडेच फिरतो. जोर जास्त म्हणजे काम जास्त, हा समज फक्त सुतारकामातच आहे असं नाही, पण तिथे तो लाकडावर लगेच उमटतो.

आता काकांची बाजू. त्यांची स्प्रे गन नव्या पद्धतीची, जिला एचव्हीएलपी म्हणतात: हवा भरपूर, पण दाब कमी. गनच्या टोपीशी, म्हणजे रंग जिथून फुटून बाहेर पडतो तिथे, दाब 10 पीएसआयच्या वर जायचा नाही असा तिचा नियम. त्यासाठी गनच्या दांड्याशी 25 ते 30 द्यावे लागतात. गाडीच्या टायरमध्ये आपण साधारण तेवढीच हवा भरतो! पिना मारणाऱ्या गनला याच्या अडीच-तीनपट लागते. म्हणजे काकांचं म्हणणं खोटं नाही. मिस्त्रींच्या ऐंशी पाउंडांवर त्यांनी चाप ओढला तर लॅकरचं, म्हणजे फवारायच्या पॉलिशचं, धुकं होतं, अर्धं धुकं भिंतीवर आणि फुफ्फुसांत जातं, आणि जे दारापर्यंत पोचतं ते वाटेतच सुकून खरखरीत बसतं. उलट हवा फारच कमी केली की थेंब मोठे पडतात आणि पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतात. काका नॉब आधी खाली आणतात, पुठ्ठ्यावर फवारा मारतात, थेंब जाड दिसले की थोडा वर नेतात. फवारा नीट बारीक झाला रे झाला की थांबतात. त्यापुढे एक पाउंडही नाही. मला हे फार आवडलं. पुरेसं झालं की थांबता येणं ही त्या माणसाची खरी कारागिरी, बाकी हात काय, सरावाने कुणाचाही फिरतो.

पण दाबाचा हा हिशेब जमला तरी भांडण मिटत नाही, कारण खरी मेख वेगळीच आहे. पिनेच्या गनला दाब जास्त लागतो, पण हवा चिमूटभर. एक फटका, मग मिस्त्री पट्टी सरकवतात, फोनवर गावच्या जमिनीचं काहीतरी बोलतात, तोवर टाकी भरलेली असते. स्प्रे गनला दाब कमी, पण हवा अखंड. चाप ओढला की सोडेपर्यंत ती पीतच राहते. 25 लिटरची टाकी बघता बघता रिकामी होते, मोटर गुरगुरत सुरू होते, आणि काका दाराच्या अर्ध्यावर असताना फवारा मऊ पडतो. तेवढ्या पट्ट्यात दार वेगळं दिसतं. म्हणून काकांना मोठ्या टाकीचा, जास्त हवा देणारा कॉम्प्रेसर हवा. तो लिफ्टमध्ये मावत नाही आणि सोसायटी जिन्यावरून नेऊ देत नाही. दुपारी दोन ते चार तर कुठलाच कॉम्प्रेसर चालवायचा नाही, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी झोपतात.

काच पुसून घेतली तरी डायल फसवतो, तो असा: चाप न ओढता बघितलं तर काटा 40 वर निवांत उभा. चाप ओढला की तोच 28 वर घसरतो, कारण हवा आता वाहते आहे. गॅलरीपासून बेडरूमपर्यंतच्या लांब, बारीक पाइपात आणखी काही पाउंड गळतात. म्हणून काका चाप ओढून धरतात आणि तशातच नॉब लावतात. दाब कमी करायचा असला तर आधी हव्या त्या आकड्याच्याही खाली नेतात आणि तिथून वर चढत येतात. वरून उतरत आलं तर आकडा टिकत नाही, नंतर सरकतो.

या स्प्रे गनचं कूळ मात्र सुतारांच्या नाही, वैद्यांच्या घरातलं. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावी ॲलन डेव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात औषध फवारायला त्यांनी एक पिचकारी बनवली आणि 1888 साली तिचा धंदा सुरू केला. पुढे त्यांच्या मुलाने, थॉमसने, त्याच कल्पनेवरून रंगाची स्प्रे गन केली. घशासाठी बनवलेली वस्तू अशी कपाटांवर आली. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग उलटं जातंय की! आता रंग घशात जातोय." नाकाला रुमाल बांधूनच म्हणाले. त्यांना बरा मास्क आणून दिला, तो पहिल्या दिवसानंतर खुंटीला लटकला. मिस्त्रींचा पोरगा कपड्यांवरचा भुसा हवेच्या नळीने उडवतो, त्याला मात्र मी रागावलो. अंगावर दाबाची हवा सोडणं हा खेळ नाही, त्याने माणसं दगावली आहेत.

एवढं होऊन पाऊस लागला. पावसाळ्यात कॉम्प्रेसर पाणी काढतो, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. 30 अंशांच्या ओलसर हवेत दर घनमीटरला साधारण 30 ग्रॅम वाफ मावते. टाकीत 7 बारपर्यंत (साधारण 100 पीएसआय, बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी सातपट) हवा दाबायची म्हणजे आठ घनमीटर हवा एका घनमीटरच्या जागेत कोंबायची. दाबताना तापलेली हवा निवली की त्या एका घनमीटरात वाफ मावते पुन्हा 30 ग्रॅमच. उरलेल्या सुमारे 210 ग्रॅमचं पाणी होतं आणि ते टाकीच्या बुडाशी साठतं. मिस्त्रींनी खालचा कॉक उघडला तर गंजाळलेलं, तांबडं पाणी भसकन बाहेर आलं, गॅलरीच्या नव्या फरशीवर. पिनेला या पाण्याचं फारसं काही वाटत नाही, गन आतून गंजते तेवढीच. लॅकरला वाटतं. पाण्याचा नाहीतर तेलाचा थेंब फवाऱ्यातून गेला की फिल्मला गोल डोळे पडतात. मध्ये पाणी पकडणारा फिल्टर लावला तरी बाहेरच्या हवेतल्या दमटपणाला काय करणार? त्याने लॅकर वाळताना वर पांढुरकी साय धरते.

काकांनी पुठ्ठ्यावर एक फवारा मारला, बराच वेळ बघितलं आणि गन धुवायला घेतली.

"कपाटं आतून करून देतो," म्हणाले. "मुख्य दार दसऱ्यानंतर."

"काका, श्रावणात पूजा आहे हो."

"मग पूजेला तोरण जरा मोठं लावा."