आमची वाटचाल : काजूचा कारखाना आणि भाताची लावणी

वेंगुर्ले तालुक्यात 2004 साली आम्ही काजू प्रक्रियेचा कारखाना सुरू केला, तेव्हा एक लहान बॉयलर, पायाने चालवायची काही कटर यंत्रे आणि बी वाळवायला घरासमोरचे खळे एवढेच हाताशी होते. बॉयलर आणि गोणींची चढउतार पुरुषांकडे, तर फोडणी म्हणजे बी फोडणे, साल काढणे आणि प्रतवारी बायकांकडे, ही वाटणी आम्ही ठरवली नव्हती. कोकणात काय किंवा केरळातल्या कोल्लमला काय, हा धंदा मुख्यतः बायकांच्या हातांवरच उभा राहिला आहे.

टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून फोडणीला बसणाऱ्या बायका हाताला राख किंवा एरंडेल चोळतात. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर मिळतो आणि अख्खा गर व पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, यांच्या भावात मोठे अंतर असते. 240 की 320, म्हणजे एका पौंडात किती गर बसतील, हे सरावलेली बाई तळहातावर गर घेताच ओळखते. कारखान्याचा नफा या नजरेवर ठरतो, तरीही सगळीकडे हे ‘बसून करायचे हलके काम’ मानून त्याची मजुरी कमी ठेवली जाई. आम्ही प्रतवारीची मजुरी बॉयलरवरच्या कामगाराइतकी केली आणि फोडणीचा किलोवरचा दर बंद करून रोजंदारी लावली. शेजारच्या कारखानदारांनी नावे ठेवली. पण घाई गेली तसा तुकडाही कमी झाला.

खरा पेच पावसाळ्याचा होता. मृगाचा पाऊस पडला की खळ्यात चिटपाखरू दिसत नसे. ‘आधी तरवो, मगे तुमचे काजू,’ म्हणजे आधी भाताची रोपे, मग काजू, असे आमच्या जुन्या काकी स्वच्छ सांगत. म्हणून मार्च ते मे बी खरेदी करून कोरडी साठवायची, लावणीच्या दिवसांत यंत्रांची दुरुस्ती उरकायची आणि नंतर सलग काम चालवायचे, असे वर्ष आम्ही बांधून घेतले. बेनिन, आयव्हरी कोस्टकडची आयात बी घेऊ लागल्यावर ते अधिक सोपे झाले.

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. मात्र त्याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमधला शेतीचा वाटा 57 वरून 64.4 टक्क्यांवर गेला. म्हणजे वाढ झाली ती मुख्यतः आमच्यासारख्या कारखान्यांत नव्हे, तर शेतात, आणि त्यातही घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आमच्या हजेरीपटावरची बाई एप्रिलमध्ये उद्योगात, जुलैमध्ये शेतीत आणि हिवाळ्यात रोजगार हमीच्या कामावर असते. तिला एकाच रकान्यात बसवणे कठीणच.

वीस कामगार झाले की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, म्हणून लहान कारखानदार एकोणिसावर थांबतात, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. आम्ही ती रेघ ओलांडली, आणि हप्ता कापला जाऊ लागल्यावर आधी बायकाच नाराज झाल्या. खात्यातली रक्कम दिसू लागली तेव्हा कुरकुर थांबली.

त्यांच्या मुली मात्र इथे येत नाहीत. त्या नर्सिंगला जातात किंवा गोव्यातल्या हॉटेलांत आणि औषध कारखान्यांत लागतात. नवे स्वयंचलित कटर घेतले तेव्हा ते चालवायला पुरुष नेमण्याचा सल्ला बहुतेकांनी दिला. आम्ही फोडणीवरच्याच दोघींना शिकवले. दुसरी पाळी अजून सुरू केलेली नाही, कारण संध्याकाळच्या एसटीनंतर त्यांना घरी पोहोचवणारी गाडी परवडेल असा भाव अद्याप मिळालेला नाही.