बुडालेलं पीपी

भोसरी एमआयडीसीतल्या शेडमध्ये त्या दिवशी साडेसातशे वॉटचा मिक्सर खोलायला घेतला होता. दुरुस्तीला नव्हे, मोडीत काढायला. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम आले आणि रिसायकलिंगचं उद्दिष्ट उत्पादकाच्या गळ्यात पडलं. तेव्हा आपला माल भंगारात कसा सुटतो, ते डिझाइनवाल्यांनी स्वतःच्या हातांनी बघावं असं ठरलं.

सुरुवातच कपलरने, म्हणजे भांड्याचं पातं फिरवणाऱ्या दातेरी चकतीने अडवली. आमच्या मॉडेलचा आटा उलटा. सवयीने भलत्या बाजूला जोर लावला की दात तुटतात. साच्यात एक बाण कोरला असता तर भागलं असतं. पुढे बॉडीच्या बॉसमध्ये (स्क्रू बसायच्या पोकळ खुंटीत) आट्यांचे पितळी इन्सर्ट. ते तसेच ग्राइंडरमध्ये गेले तर ब्लेडची धार गेलीच म्हणून समजा. सोल्डरिंग आयर्नने तापवून एकेक उपटावा लागला. बॉडीच्या एबीएस प्लास्टिकमध्ये प्लास्टिकसाठीचा धातूचा स्क्रू थेट बसतो: ४ मिमी स्क्रूला ३.२ मिमीचं भोक, बॉस बाहेरून ८ मिमी. मग इन्सर्टची गरजच काय?

खरी गंमत बादलीत झाली. बॉडी एबीएसची, तळ पीपीचा (पॉलिप्रोपिलीन, दुसरं प्लास्टिक), दोन्ही काळे. वेगळे करायला दळलेले तुकडे पाण्यात टाकले, डिशवॉशचे दोन थेंब सोडले (नाहीतर बुडबुडे चिकटून एबीएसही तरंगतं) आणि ढवळलं. साध्या पीपीची घनता ०.९, म्हणजे ते वर यायला हवं. एकही तुकडा वर येईना.

ड्रॉइंग उघडलं तर तळाच्या पीपीत २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड). टाल्क घातलं की पीपीची घनता १.०४-१.०५ होते, एबीएसच्या बरोबरीला. असं मिश्रण वितळवून दाणे केले तर दोन्ही एकजीव होत नाहीत. नवा भाग पापुद्र्यासारखा सुटतो.

‘मग तळही एबीएसचा करा,’ खरेदी विभागाचं म्हणणं. त्याच साच्यातून ट्रायल काढली. थंड होताना टाल्कवालं पीपी सुमारे १.१ टक्के आकसतं, एबीएस अर्धा टक्का. १८० मिमीच्या तळात हा फरक जवळपास १ मिमीचा. तळ मोठा निघाला, बॉडीत बसेना, स्क्रूची भोकंही सरकलेली. साच्यातलं लोखंड काढता येतं, पण तळ लहान करायला ते घालायचं म्हणजे वेल्डिंग आणि पुन्हा मशिनिंग. टाल्क काढून साधं पीपी वापरावं, तर ते आणखी आकसतं आणि वाकतंही.

माझ्या मते इथे मटेरिअलच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. तळ चार स्क्रूंनी सुटतो. तो दळायच्या आधीच हाताने वेगळा पडला की बादलीची वेळच येत नाही. फक्त भंगारवाल्याला ओळखू यायला हवा. म्हणून आयएसओ ११४६९ प्रमाणे आतल्या बाजूला ठसठशीत ‘पीपी-टीडी२०’ (२० टक्के टाल्कचं पीपी) चा कोड, चारही स्क्रू एकाच जातीचे, आणि तळाचा रंग काळ्याऐवजी करडा. साच्यात फक्त अक्षरं कोरायची, बाकी मास्टरबॅच (रंगाचे दाणे) बदलायची.

रंगावर मार्केटिंगवाले कुरकुरतील असं वाटलं होतं. त्यांनी मिक्सर ओट्यावर ठेवला, चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, ‘तळ दिसतो कुठून?’