समालोचकाच्या अंगावरची जर्सी

रविवार, रात्री उशिरा

संध्याकाळी भाचीचा फोन होता. "मामा, जर्सी घालून छप्पनला गेले तर बिघडलं काय?" ती सध्या इंदूरच्या क्रिकेट सामन्यांचं यूट्यूबवर समालोचन करते, हिंदीतून जास्त, मागणी आली तर मराठीतूनही. एका संघाने तिला आपली जर्सी दिली, पाठीवर तिचं नाव छापून. ती घालून ती मैत्रिणींबरोबर छप्पन दुकानला, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, गेली, फोटो काढले आणि इन्स्टाग्रामवर टाकले. येत्या शनिवारी त्याच संघाचा सामना तिच्या माइकवर आहे. मी म्हटलं, माइक हातात आहे तोवर ती जर्सी कपाटात राहू दे. "बरं" म्हणाली, पण ते बरं पटल्याचं नव्हतं. फोनवर एवढं सगळं मावत नाही, म्हणून इथे सावकाश लिहितो आहे. उद्या तिला वाचायला देईन.

मी स्कोअरर. मैदानाकडे मी वहीतूनच बघत आलो. क्रिकेटच्या नियमावलीतला तिसरा नियम स्कोअररांचा आहे आणि तो दोन स्कोअरर मागतो. क्लबच्या सामन्यात एक या संघाचा, एक त्या संघाचा. कोण कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. कारण षटक संपलं की दोघांच्या वह्या जुळाव्या लागतात. एका धावेचा फरक निघाला तरी ती सापडेपर्यंत जिवाला चैन नसते. अशा व्यवस्थेत मी माझ्या क्लबची टोपी घालून बसलो तरी कुणाचं नुकसान नाही. समालोचकाची वही मात्र एकच. झेल नीट घेतला की जमिनीला लागला, फलंदाज चुकला की चेंडू खरंच चांगला होता, हे तो सांगेल तसं ऐकणाऱ्याच्या मनात उमटतं. शेजारी बसून जुळवून बघणारं कुणी नाही.

भाची म्हणेल, मग मी बोलताना चोख राहीन, कपड्यांशी काय संबंध? संबंध आहे. आवाजातलं प्रेम दर चेंडूला तपासून घेता येतं. आपल्या पोराने षटकार मारला तर आवाज चढू दे, पुढच्याच चेंडूवर समोरच्या गोलंदाजाने त्याची दांडी उडवली की तोच आवाज तितकाच चढायला हवा. चढला तर ऐकणारा म्हणतो, हिचं खेळावर प्रेम आहे. आपल्या इंदूरच्या सुशील दोशींना मी असंच ऐकलं. रेडिओवर त्यांची हिंदी अशी धावायची की चेंडू सीमारेषेकडे जाताना दिसायचा. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि होळकर स्टेडियमवरच्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. तापलेला आवाज वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण जर्सी चेंडू पडायच्या आधीच बोलून मोकळी होते, आणि नंतर ती दुरुस्त करता येत नाही. शनिवारी समोरच्या संघातल्या कुणा खेळाडूची आई ते समालोचन ऐकणार आहे. तिने छप्पनचा फोटो पाहिला असेल तर तिच्या मुलाला पायचीत दिल्यावर भाची कितीही खरं बोलली, तरी त्या माउलीला ते खरं वाटणार नाही.

पंचांच्या बाबतीत हेच झालं होतं. पूर्वी कसोटीत दोन्ही पंच यजमान देशाचे असत. त्यातले बहुतेक प्रामाणिकच होते, असं मी आजही मानतो. पण पाहुणा संघ हरला की संशय उरायचाच, आणि प्रामाणिक माणसाकडे त्याचं उत्तर नसायचं. 1986 साली पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजच्या लाहोर कसोटीत आपले व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर उभे राहिले, दोघेही तिसऱ्याच देशाचे. पुढे 2002 पासून कसोटीचे दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे ठेवायची पद्धत पडली. संशयाला जागाच ठेवायची नाही, यासाठी हा सगळा खटाटोप होता.

मग पैशाचा मुद्दा. तो भाचीने काढला नाही, पण काढायला हवा होता, कारण माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यात जड मुद्दा तोच आहे. अमेरिकेत बेसबॉलचे अनेक समालोचक थेट संघाकडून पगार घेतात. आपल्याकडेही घरच्या मालिकांसाठी समालोचकांचे करार क्रिकेट मंडळ करत आलं आहे. पगार ज्याचा, त्याचीच जर्सी घातली तर ते जास्त सरळ नाही का? साधा कोट घालून तटस्थ दिसायचं आणि मानधन एका बाजूचं घ्यायचं, ही लपवाछपवीच म्हणायची की! या प्रश्नाने मला बराच वेळ अडवून ठेवलं. शिकागो व्हाइट सॉक्सचे हॉक हॅरलसन तर आपल्या संघाला उघडपणे 'गुड गाइज' म्हणत, आणि त्यांचे श्रोते त्यांच्यावर जीव टाकत.

पण मला उत्तर विन स्कलींकडे सापडलं. 1950 ते 2016, तब्बल 67 हंगाम ते डॉजर्स या एकाच संघाचे समालोचक होते. 8 एप्रिल 1974 रोजी अटलांटात हँक ॲरनने 715वा होम रन (बेसबॉलमधला षटकारच म्हणा) मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तो डॉजर्सच्याच गोलंदाजावर. म्हणजे पराक्रम समोरच्याचा होता, आणि स्कलींना पगार देणाऱ्या संघाने मार खाल्ला होता. स्कली आधी गप्प राहिले आणि लोकांचा जल्लोष ऐकू दिला. मग बोलले ते ॲरनबद्दल: अमेरिकेच्या दक्षिण भागात एका कृष्णवर्णीय माणसासाठी सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतं आहे, याचं मोल त्यांनी सांगितलं. पगार डॉजर्सचा होता, तरी त्या रात्री ते ऐकणाऱ्यांचे होते. अंगावर डॉजर्सची जर्सी असती तर हेच शब्द उसने वाटले असते. पगार कुणाचा हे श्रोत्यांना सांगून टाकावं, त्यात लाज नाही. जर्सी मात्र पगाराची पावती नव्हे. 'माझं मन या बाजूला आहे' असं ती सांगते, आणि समालोचकाचं मन सामना संपेपर्यंत मोकळं असावं.

आणि आपलं, म्हणजे मराठी माणसांचं, याहून वेगळंच आहे. मराठीतून बोलणाऱ्या समालोचकाने घरचा संघ म्हणायचं तरी कुणाला? महाराष्ट्रातच रणजीचे तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. त्यात बडोदा आणि आपलं मध्य प्रदेश मिळवा. जून 2022 मध्ये बंगळुरूला मध्य प्रदेश आणि मुंबईचा अंतिम सामना होता. आमच्या इंदूरच्या रामबागेत घराघरांत दोन तट पडले होते. सून दादरची, सासरे इंदूरचे. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार, तिघांची शतकं झाली, सहा गडी राखून आपण पहिल्यांदा रणजी करंडक आणला, आणि आणवणारे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे मूळ मुंबईचे! त्याच पंडितांच्या हाताखाली चार वर्षं आधी विदर्भाने आपला पहिला करंडक जिंकला, तोही आमच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीला हरवून. अजून मागे जा. 1944-45 च्या अंतिम सामन्यात होळकर संघ मुंबईकडून हरला, पण मुश्ताक अलींची दोन्ही डावांतली शतकं आणि होळकरांकडून खेळलेल्या डेनिस कॉम्प्टनच्या नाबाद 249 धावा जुनी माणसं अजून आठवतात. इंग्लंडचा माणूस इंदूरच्या संघात! यातल्या कुठल्याही सामन्याचं मराठीतून समालोचन करायचं झालं तर ऐकणारे दादरला, नागपुरात, बडोद्यात, रामबागेत एकाच वेळी बसलेले असणार. एका संघाचा रंग अंगावर चढवला की बाकीच्यांच्या घरातला रेडिओ परका झाला.

भारताच्या सामन्याचं काय, हे मात्र मला इतकं सोपं वाटत नाही. निळी जर्सी घातलेला भारतीय समालोचक मला खटकत नाही असं मन म्हणतं. पण समालोचक रिची बेनो सांगत, जगात 'आम्ही' नावाचा संघ नाही आणि 'ते' नावाचाही नाही. स्वतः ऑस्ट्रेलियाचे कर्णधार राहिलेल्या माणसाने हे पाळलं, तर आपल्यालाही जमायला हरकत नसावी. माझा कल तिकडेच आहे.

तर भाचीला सांगायचं ते असं. ती जर्सी सुंदर आहे, नाव छापून दिली यात त्या पोरांचं प्रेम आहे, ती परत करू नकोस. घरात घाल. हंगाम संपल्यावर सराफ्यात घालून फिर, मीही येईन बरोबर. पण ज्यांच्या सामन्याचा माइक तुझ्या हातात आहे त्यांचा रंग घालून चार लोकांत, फोटोत, मैदानाच्या फाटकावरही दिसू नकोस. शनिवारी साधा पांढरा कुर्ता घाल. आणि सामन्याआधी समोरच्या संघाच्या पोरांना भेटून प्रत्येकाच्या नावाचा उच्चार त्यांच्याच तोंडून विचारून घे. बाहेरगावच्या खेळाडूचं नाव चुकीचं पुकारलं जातं तेव्हा मी पॅव्हेलियनमधल्या त्याच्या सोबत्यांचे चेहरे पाहिले आहेत.