कल आणि स्वभाव: दहावीनंतरच्या निवडीबद्दल

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत माझ्या कानावर येतो: "मॅडम, नव्वदच्या वर आहेत, म्हणजे सायन्सच ना?" विचारणारे पालक नागपुरातल्या नंदनवनचे असोत, महालातले असोत किंवा कामठी-हिंगण्याहून आलेले असोत, गुण आणि क्षमता या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच होऊन बसलेल्या असतात. विद्यार्थ्यांना करिअर निवडायला मदत करण्याच्या माझ्या कामात सर्वाधिक वेळ जातो तो या दोहोंमधील अंतर समजावून सांगण्यात.

गणितातले पंच्याण्णव गुण दोन अगदी वेगळ्या वाटांनी मिळू शकतात. एखाद्याला नवे उदाहरण समोर येताच त्यातील संख्यांचे नाते दिसू लागते. दुसरा जुन्या प्रश्नपत्रिका तीन-तीनदा सोडवतो आणि तेवढेच गुण मिळवतो. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल मी कमी लेखत नाही, कारण चिकाटी हा स्वभावातला मोठा गुण आहे आणि ती पुढे कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडते. परंतु अकरावीत, जेथे उदाहरणांचा साचा सतत बदलतो, तेथे पाठ केलेली रीत अपुरी पडू लागते, आणि दहावीपर्यंत हुशार म्हणून ओळखला गेलेला मुलगा अचानक स्वतःला मठ्ठ समजू लागतो. गुणपत्रिकेवर दोघे सारखेच दिसले होते.

हा फरक ओळखण्यासाठी अभिक्षमता, म्हणजे काय जमू शकते ते, मोजणाऱ्या चाचण्या असतात. अमेरिकेत १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीसंचात शाब्दिक तर्क, संख्यात्मक क्षमता, अमूर्त तर्क, यांत्रिक तर्क, अवकाशीय संबंध, कारकुनी वेग व अचूकता, शब्दलेखन आणि भाषावापर असे आठ भाग होते, आणि नंतरच्या अनेक चाचण्या याच धर्तीवर रचल्या गेल्या. अभिरुची, म्हणजे काय आवडते ते, मोजणाऱ्या चाचण्या वेगळ्या. आपल्या राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची जी कल चाचणी घेतली, ती मुख्यतः अभिरुची पाहणारी होती. मात्र अनेक घरांत तिचा निष्कर्ष "याला हे जमेल" असा वाचला गेला. आवडते ते जमतेच असे नाही, आणि जमते ते आवडतेच असेही नाही.

चाचणीच्या अहवालावर अतिविश्वास ठेवण्याची चूक मी स्वतःही केलेली आहे. काटोलकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतली मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा माझ्याजवळ शाब्दिक तर्काची केवळ इंग्रजी पुस्तिका होती आणि मी तीच तिच्यासमोर ठेवली. निकाल अर्थातच कमी आला. भाषेशी संबंधित क्षेत्रे तिच्यासाठी नाहीत, असे मी तिच्या वडिलांना सांगून मोकळी झाले. काही महिन्यांनी तिने शाळेच्या हस्तलिखितातला आपला लेख आणून दाखवला आणि तो वाचताना मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. पुन्हा मराठीतून चाचणी घेतली, तेव्हा तोच भाग तिच्या अहवालात सर्वांत वरचा निघाला. तेव्हापासून मूल कोणत्या भाषेत विचार करते, हे आधी विचारल्याशिवाय मी पुस्तिका उघडत नाही. चाचणीच्या दिवशी झोप झाली होती का, घरून काही खाऊन आला आहेस का, हेही विचारते, कारण वेळ लावून घेतल्या जाणाऱ्या भागांवर या साध्या गोष्टींचा परिणाम होतो.

व्यक्तिमत्त्वाचा विचार याहून नाजूक आहे. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेल्या सिद्धान्तातून पुढे वास्तववादी (हातांनी, यंत्रांशी काम करणारा), शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पारंपरिक (ठरलेल्या पद्धतीने नेटके काम करणारा) हे व्यक्तिमत्त्वाचे सहा प्रकार रूढ झाले. हे प्रकार याच क्रमाने एका षटकोनाच्या सहा कोपऱ्यांवर मांडतात. त्यात शेजारी-शेजारी येणारे प्रकार एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे दूरचे: शोधकाच्या समोर उद्यमी येतो, कलात्मकाच्या समोर पारंपरिक. ही मांडणी उपयुक्त आहे. मात्र तिच्यावरून "तू शांत आहेस, म्हणून डॉक्टर होऊ नकोस" असे सांगितले जाते, तेव्हा मला वाईट वाटते. माझा अनुभव असा आहे की अभिक्षमता क्षेत्र सुचवते आणि स्वभाव त्या क्षेत्रातली जागा सुचवतो. वैद्यकशास्त्रात दिवसभर रुग्णांशी बोलणारा फॅमिली डॉक्टर आहे, तसाच सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासणारा पॅथॉलॉजिस्टही आहे. स्थापत्य अभियांत्रिकीत साइटवर मजूर, कंत्राटदार आणि ऊन यांच्याशी झुंजणारा माणूस लागतो, आणि कार्यालयात बसून पुलाचा भार मोजणाराही लागतो. वकिलीत न्यायालयात उभे राहणे आले, तसे करारनामे बारकाईने लिहिणेही आले.

या जागा मुलांना दिसत नाहीत, कारण त्यांनी ते काम प्रत्यक्ष पाहिलेलेच नसते. नागपुरात ही उणीव राहावी, याचे मला विशेष दुःख होते. याच शहरात पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे, १९४२ पासून रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारे एलआयटी आहे, पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे आणि अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही आहे. यांतल्या काहींच्या फाटकावरून क्लासला रोज जाणाऱ्या मुलाला विचारले, की आत काय चालते, तर तो गप्प राहतो. त्याला दोनच शब्द ठाऊक असतात: जेईई आणि नीट.

गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका मुलाचे उदाहरण या बाबतीत मला सारखे आठवते. आईवडिलांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. जीवशास्त्र त्याला मनापासून आवडत होते, तर्काच्या भागांत तो उत्तम होता. मात्र अनोळखी माणसांत वावरणे त्याला अतिशय जड जाई आणि आजीच्या आजारपणात दवाखान्यात काढलेल्या दिवसांविषयी बोलतानाही त्याचा चेहरा उतरत होता. मी नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. माझ्या ओळखीच्या एका कृषी संशोधकांच्या प्रयोगशाळेत त्याला एक दिवस बसू द्यावे, अशी विनंती केली. तेथे त्याने गुलाबी बोंडअळीच्या वाढीच्या अवस्था पाहिल्या, नोंदी कशा ठेवतात ते पाहिले, आणि संध्याकाळी फोनवर तो माझ्याशी सलग वीस मिनिटे बोलला. आमच्या आधीच्या तिन्ही भेटींत मिळून तो तेवढा बोलला नव्हता.

वडिलांचा प्रश्न रास्त होता: "यात पुढं नोकरी लागते का?" बियाणे कंपन्या, कृषी विद्यापीठे, संशोधन संस्था, शासकीय सेवा यांविषयी मी त्यांना सांगितले, बीएस्सी कृषी ही चार वर्षांची पदवी आहे आणि तिच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, हेही सांगितले. वैद्यकातही रुग्णांपासून दूर राहून करायची कामे आहेत, परंतु तेथे पोहोचण्याआधी एमबीबीएस करताना वॉर्डातून जावेच लागते, हे मुलाला स्पष्ट समजावे म्हणून मी ते दोनदा सांगितले. त्याने अकरावीला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेतले आहे. नीट आणि सीईटी या दोन्ही परीक्षा द्यायच्या, असे बापलेकांत ठरले आहे. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मेडिकल कॉलेजच्या एखाद्या प्रयोगशाळेत बसता येईल का, असे त्याने स्वतःहून विचारले आहे आणि मी त्याची व्यवस्था करीत आहे.